अकरा टिंबांची लाँच

दीड तास चालूनही नाथसागराचं पाणी लांबच चकाकत होतं. धरण आटलं की उघड्या पडणाऱ्या गाळात टरबुजं लावलेली, आणि त्यांच्या वेलांमधून बद्रीनाथकाका पुढं, दमयंतीबाई मागं.

"काका, टेका की जरा."

"टेकलो तर उठायचो नाय, बाई. चला."

काका मूळचे देवगाव रंगारीचे. फौजेत लाँचचे मिस्त्री होते, आता सिडकोत लेकाकडं राहतात. दमयंतीबाई शेजारच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. काकांसाठी माहितीच्या अधिकाराचे सहा अर्ज त्यांनीच लिहिले होते. सगळ्यांना उत्तर एकच: पाच लाँच लिलावात विकल्या, पुढची माहिती उपलब्ध नाही.

त्या पाचांतली एक काकांची. अकरा वर्षं तिचं इंजिन त्यांच्याच हाताखाली होतं. लिलावाआधी तळाला चीर पडली, तेव्हा त्यांनीच वर पत्रा जोडला. असा जोड दिला की बोट दिवसभर पाण्यात ठेवायची, पाझर बघायचा आणि मगच सही करायची, असा नियम. पण गावी भाचीचं लग्न, आणि मामा नवरीच्या पाठीशी उभा नसला तर कसं चालेल? दोनची गाडी होती. काकांनी कागदावर 'पाण्यात उतरवून तपासली, ठीक' असं लिहिलं आणि गाडी गाठली.

तीन वर्षांनी पेपरात चार ओळी आल्या. लांबच्या एका धरणात फौजेच्या लिलावातली लाँच बुडाली, तिघं गेली. नंबर छापलेला नव्हता. त्या दिवशी काकांनी भाचीच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवला, तो परत लावलाच नाही. कुणी विचारलं तर खिळा हलतोय म्हणायचे.

गेल्या महिन्यात लिलाववाल्याच्या म्हाताऱ्या मुनशीचा फोन लागला. तीन लाँच भंगारात गेल्या, एक त्या धरणावर, एक नाथसागराच्या मासेवाल्याकडं. कुठली कुठं गेली, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बाईंनी नाथमहाराजांना नारळ बोलला, आणि आज दोघं निघाले.

लाँच दिसली ती एका उंचवट्यावर, उपडी. जेसीबीनं उलटी करून खाली दगड रचलेले, पुढं चूल. टरबुजांची राखण करणारी चंपाबाई तीत राहत होती.

"आमची लाँच बघायला आलोय," काका म्हणाले.

"लाँच कसली वं? माझा बंगला हाय त्यो!" चंपाबाई हसली. "जोडे काढून या आत. सारवलंय."

आत अंधार होता. बोटीचा तळ आता छप्पर झाला होता आणि इंजिनाची बैठक डोक्यावर आली होती. पितळी नंबराची पाटी कुणीतरी कधीच उचकटून नेलेली. काका बैठकीच्या कडेवरून बोटं फिरवू लागले. दर खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली की ते टोकदार पंच लावून हातोडीनं तिथं एक टिंब ठोकायचे. वरून रंगाचे थर बसले असले तरी बोटांना लागेल, एवढाच भरवसा होता.

"काय हुडकतोय म्हातारा?" चंपाबाईनं बाईंना विचारलं.

"गप थांबा जरा, चंपाबाई."

"नऊ... धा..." काकांचा हात थांबला. मग अर्धी वीत सरकला. "अकरा."

ते खाली बसले. बाईंनी मनातल्या मनात नाथांचं नाव घेतलं. बाहेर कुणाचं तरी इंजिन पाणी उपसत होतं.

थोड्या वेळानं काका उठले आणि छपराला हात लावून त्यांनी आपला पत्रा शोधला. "हितं गळतं का?"

"तिथं? नाय बा. समदा बंगला गळतो, दरसाली डांबर फासते मी. तेवढाच तुकडा कोरडा ऱ्हातो. पावसात पिठाचा डबा त्याच्याखालीच ठेवते."

काका मोठ्यानं हसले. शेजारी राहून बाईंनी हे हसू कधी ऐकलं नव्हतं. चंपाबाईनं टरबूज फोडलं, तिघांनी खाल्लं. काकांच्या सदऱ्यावर रस सांडला, तो त्यांनी पुसलासुद्धा नाही.

"घरी गेलो की फोटो लावतो," ते म्हणाले.

"खिळा हलतोय ना?" बाई म्हणाल्या.

"हलू द्या."

मग ते बीचा दाणा बोटात फिरवू लागले. "ती तिघं मात्र गेलीच, बाई. दुसऱ्या कुणाच्या बोटीतून."

बाईंनी पिशवीतून वही काढली. "काका, हे सगळं लिहून ठेवते मी. पहिल्यापासून."

"लिहा. पण पत्रा टिकला, येवढंच नका लिहू. बोट पाण्यात उतरवली नव्हती आन् मी उतरवली म्हणून सही केली, हे आधी लिहा. माझ्या नावासकट."