शिवणीतली माया

चोळ्या-पोलकी शिवण्यात माझा हात धरणारं कर्जतच्या बाजारात कुणी नव्हतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कोण सांगणार? एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे बाजारपेठेच्या मागच्या अंगाला एका खोलीत माझं शिलाई मशीन होतं. तोंडाने मी फटकळ. माप देताना पोट आत ओढून धरणाऱ्या बाईला सरळ म्हणायची, सोड गं श्वास, जन्मभर असाच धरून बसणार आहेस का? बायका हसायच्या आणि उलट मलाच चिडवायच्या. सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, असं म्हणत मशीनखालच्या माझ्या गाठोड्याकडे बघायच्या.

गाठोडं होतं कात्रणांचं. रीत अशी, की कापडातून कामाचा तुकडा उरला तर तो ज्याचा त्याला परत द्यायचा, आणि बोटभर चिंध्या शिवणारीने ठेवायच्या. त्या चिंध्यांच्या मी गोधड्या शिवायची. कुणाच्या लुगड्याचा काठ, कुणाच्या पोलक्याची पट्टी, असं जोडत गेलं की छान दिसायचं. फुकट काही घालवायचं नाही, असा मला मोठा अभिमान होता. आता कामाचा तुकडा कुठला आणि चिंधी कुठली, हे ठरवणारी कात्री माझ्याच हातात, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी माझ्या मुलीला दिवस होते. ती कुंभिवलीला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणून बाळाची गोधडी माहेरची. सगळीकडे तान्ह्यासाठी जुनं मऊ लुगडंच घेतात, पण माझ्या विहीणबाईंनी निरोप पाठवला, आमच्याकडे चिंध्यांचं काही आणू नका. मला तो शब्द असा झोंबला! म्हटलं, थांबा, अशी गोधडी आणते की बघत राहाल. एकही जुना तुकडा घालायचा नाही, सगळं कोरं कापड, आणि मधोमध एक मोठा झगझगीत चौकोन. बाकी सगळं जमलं. मधला चौकोन काही मिळेना.

अशात कशेळ्याच्या पुढच्या एका वाडीतली शेतकरीण आली. तिच्या मुलीचं वैशाखात लग्न होतं. मुलगी सोबत होती, अंगाने भरायची अजून, काटकुळी. सासरहून हिरवा खण आला होता, पिवळ्या काठाचा. तसला हिरवा मी आधी पाहिला नव्हता. बाईने तो मांडीवर उलगडला आणि मला पुन्हा पुन्हा बजावलं, की त्यांच्यात लग्नातलीच चोळी सातव्या महिन्यात ओटी भरतानाही घालतात, सासू ओळखून बघते, म्हणून माया भरपूर सोड. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. अंग भरलं की शिवण उसवायची आणि ती माया बाहेर काढायची. मी हो हो म्हटलं.

आणि सोडली किती? दोऱ्याला धरायला लागते तेवढी. त्या खणातून माझा चौकोन अगदी नीट निघाला. न्यायला आल्यावर बाईने विचारलं, काही उरलं का गं? मी मान वर न करता म्हटलं, खणच आखूड होता, कशीबशी बसवली. चोळी मात्र त्या पोरीच्या अंगावर अशी चपखल बसली, की मायलेकी दोघी खूश होऊन गेल्या. मलाही वाटलं, झालं, कुणाचं काय बिघडलं?

श्रावणात मला नातू झाला. गोधडी बघून विहीणबाईंनी नाक मुरडलं नाही, एवढंच. पण चौकोनावर हात फिरवला, ते मी पाहिलं. महिनाभर मी त्याच आनंदात होते.

माघात त्या मायलेकी पुन्हा दारात. पोरीला सातवा लागला होता. ओटी भरायला सासरची माणसं चार दिवसांनी यायची होती. बाईने पदराखालून चोळी काढली आणि म्हणाली, जरा सैल करून दे. मी शिवण उसवली, जणू आत काय आहे ते मला ठाऊकच नाही. आत काय असणार, कपाळ? बाई वाकून बघत होती. मी म्हटलं, खण मुळात आखूड, त्यात धुण्यात कापड आटलं असेल.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिथेच सगळं बिघडलं. माझ्याशी भांडली असती तर मी चार शब्दांवर चार शब्द ठेवले असते, तोंडाचा पट्टा माझा काय कमी होता? पण ती वळली ती लेकीकडे. म्हणाली, "कापड कुठलं आटतंय, हीच फुगलीय. माहेरी आल्यापासनं नुस्ती खातेय. आता सासू काय म्हणंल?" पोर खाली बघून हसली आणि पदर ओढून पोट झाकायला लागली. मला अशी शरम वाटली, की कात्री हातातून खाली ठेवली. तरी खरं बोलायला जीभ उचलली नाही. म्हटलं, ठेवून जा, बघते मी काहीतरी.

तसला हिरवा मी अख्ख्या बाजारात शोधला. नव्हता. मग काय, खाई त्याला खवखवे. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरली आणि कुंभिवली गाठलं. नातू गोधडीवरच निजला होता. त्याला उचलून मुलीच्या मांडीवर दिलं आणि खाली बसून मधला चौकोन उसवायला घेतला. मुलगी म्हणाली, आई, तान्ह्याच्या अंगाखालचं काढून नेतेस? मी सांगितलं, एकीचं कापड आहे, तिला पाहिजे. विहीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "शेवटी चिंध्याच त्या." एरवी मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी घेतलं. गोधडीला पडलेल्या भोकावर माझ्या नेसत्या लुगड्याचा पदर फाडून लावला आणि परतीची गाडी पकडली.

पण सहा महिने तान्ह्याखाली राहिलेलं कापड ते! रोज धुऊन विटलेलं, वर धावदोऱ्याच्या टाक्यांची भोकं. दोन पट्ट्या काढून दोन्ही बगलांखाली बसवल्या. जमेल तेवढं केलं. हात खाली असला की काही कळत नव्हतं. वर उचलला, की दोन हिरवे दोन दिशांना. बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून ओटीच्या दिवशी सकाळी मीच चोळी घेऊन वाडीवर गेले. ठेवून लगेच परतायचा विचार होता. बाईने ऐकलं नाही. एवढ्या लांब पायपीट करून आलीस, तुझ्यासारखी कोण करतं, असं चारचौघींत म्हणाली आणि मला बसवून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओटी भरली. सासूने चोळी निरखली, मान हलवली, बरं वाटलं तिला. पोर सगळा वेळ दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरून बसलेली. हळद लावायलाही तिने मान पुढे केली, हात हलवला नाही. मग पंगत बसली. मला तिच्या शेजारचं पान. पुरणपोळी, भात, आमटी, भजी, सगळं तिच्या आवडीचं केलं होतं, आणि ही एक घास चिवडत बसलेली. आई वाढायला आली की पुरे पुरे म्हणायची. मी हळूच विचारलं, का गं, मळमळतंय का?

तिने इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडे सरकून म्हणाली, "नाय मावशी. तुमच्याकडनं आल्यापासनं मी अर्धीच भाकर खाते. आनखी फुगले तर चोळी फाटंल. तुमी एवढी धावपळ केलीत."

चार दिवस. सातव्या महिन्यातली पोर अर्ध्या भाकरीवर, माझी अब्रू शाबूत राहावी म्हणून. तिचं पोट बघितलं आणि मला माझा नातू दिसला, गोल गुबगुबीत, त्याच हिरव्या चौकोनावर पाय झाडणारा. मी ताटावरून हात काढला.

"तू नाही फुगलीस गं," मी म्हटलं. "चोळीत मी मायाच सोडली नव्हती. तुझं कापड मी खाल्लं, माझ्या नातवासाठी. तू जेव."

आवाज मी हळूच काढला होता, पण पंक्तीत कुजबुज कुठे लपते? आमटीचं भांडं घेऊन तिची आई माझ्यासमोरच थांबली होती. तिने ऐकलं. मला आमटी न वाढता ती पुढच्या पानावर गेली.

पोर माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर, तिला नुसतं खरं वाटत नव्हतं. मग तिने पुरणपोळी ओढून घेतली आणि खायला लागली. भरभर, दोन दिवसांची उपाशी असावी तशी. पोळी संपली तेव्हा तिने हात चांगला उंच केला आणि आईला हाक मारली, भात आण म्हणून. दोन हिरवे सगळ्यांना दिसले.

समोरच्या ओळीतून सासूने बोट दाखवून विचारलं, "हे ठिगळ कुणी लावलं?"

पोर काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मी. आणि कापड खाल्लंही मीच."