थंडोबांच्या जबड्याची तक्रार

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींची एक खिडकी होती आणि त्या खिडकीमागे सव्वीस वर्षं एकच माणूस बसत होता. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. एरवी सगळे त्यांना थंडोबा म्हणत. लोक यायचे, काचेवर हात आपटायचे, त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. थंडोबा ऐकून घ्यायचे, "बरोबर आहे तुमचं" म्हणायचे आणि तक्रार सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचे. सव्वीस वर्षांत आपण एकदाही आवाज चढवला नाही, याचा त्यांना इतका अभिमान होता की ते सांगताना मात्र आवाज थोडा चढायचा.

अशा माणसाचा कान दुखायला लागला.

म्हणजे त्यांना वाटलं, कान. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं तर कान लख्ख. मग दुखणं दाढेत उतरलं, म्हणून दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली. दाढ गेली, दुखणं राहिलं. मेहुणा म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढला असेल. चष्मा बदलला. दुखायचं तेवढंच दुखत होतं, फक्त आता सगळं स्पष्ट दिसत होतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे तीन महिने गेले.

तोवर तोंड दीड बोटापलीकडे उघडेना. रोज दीड वाजता खिडकी बंद करून एक अख्खं सफरचंद दातांनी तोडून खायचं, एवढी एकच चैन थंडोबांनी आयुष्यात केली होती. आता बायको त्याचा कीस करून डब्यात द्यायची आणि ते तो चमच्याने गिळायचे. त्यातच साहेबांच्या बैठकीत एकदा जांभई देताना जबडा अडकला तो अडकलाच. तोंड उघडं पाहून साहेबांना वाटलं, यांना काही सांगायचंय. "बोला, बोला," साहेब म्हणाले. सव्वीस वर्षांत हे पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं, आणि नेमकं तेव्हा थंडोबांना बोलता येत नव्हतं.

बैठक संपल्यावर साहेबांनी सांगून टाकलं, "महिनाभरात बरे व्हा. नाहीतर तळघरात, जुन्या कागदपत्रांकडे. खिडकीला तोंड उघडणारा माणूस लागतो."

थंडोबा घाबरले. खिडकी गेली तर ते कोण, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

शेवटी बायकोनेच छडा लावला. "अहो, रविवारी दुपारी तुम्ही झोपता ना, तेव्हा दात इतके करकर वाजतात की शेजारीण विचारत होती, घरात सुतारकाम काढलंय का. दुखणं जबड्याचं आहे तुमच्या!" असं म्हणून तिने त्यांना जबड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली. "काका, आ करा."

कट्.

"ऐकलंत? हा सांधा. आता सांगा, या क्षणी तुमचे दात कुठे आहेत?"

"तोंडात," थंडोबा म्हणाले.

"एकमेकांवर आहेत की सुटे?"

थंडोबांनी आत चौकशी केली. दात दातांवर गच्च बसले होते.

"दातावर दात फक्त चावताना आणि गिळताना. दिवसाकाठी काही मिनिटं. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ हलकेच टाळ्याला. तुमचे स्नायू दिवसभर ओझं वाहतायत."

"पण दुखतं ते कानात!"

"दुखतं तिथेच बिघाड असतो असं नाही ना, काका."

हे ऐकून थंडोबांना हसू आलं, अर्थात दीड बोट. रोज दहा जणांना ते हेच तर सांगायचे: अहो, ओल तुमच्या भिंतीला आली म्हणून भिंत कशाला फोडता, नळ फुटलाय मागच्या गल्लीत. आणि स्वतःच्या बाबतीत मात्र ते तीन महिने भिंत फोडत बसले होते. दाढ आठवून त्यांना फार वाईट वाटलं.

"म्हणजे हे दुखणं मनाचं?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"दुखणं शंभर टक्के खरं आहे. पण सांधा मोडलेला नाही. स्नायू थकलेत, आणि नसांना आता जरा काही झालं की बोंब मारायची सवय लागलीय. ती हळूहळू मोडेल. आधी तुम्ही दात कधी आवळता ते शोधा." बाईंनी लाल ठिपक्यांचा एक कागद दिला. हे ठिपके जिथे तिथे चिकटवायचे. ठिपका दिसला की दात तपासायचे. आवळलेले असले की वहीत एक रेघ मारायची, मग जीभ टाळ्याला लावून दात सोडायचे.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," बायको घरी येता येता म्हणाली. "आमच्या आईने हे कधी करू दिलं नाही. आता डॉक्टरच सांगतायत!"

थंडोबांनी ठिपके मनापासून लावले. घरी आरशावर आणि टीव्हीवर. कचेरीत खिडकीच्या चौकटीवर, फोनवर, स्वतःच्या स्टुलावर. साहेबांना वही दाखवताना त्यांना साहेबांच्या मागे उभं राहावं लागे, म्हणून एक साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर. आणि एक शिक्क्याच्या मुठीवर.

शिक्क्यावर 'निकाली' असं कोरलेलं होतं. तक्रार आठ दिवसांत सुटली पाहिजे असा वरचा नियम होता, आणि साहेब नियमाचे पक्के. रोज साडेचारला, आठ दिवस झालेल्या प्रत्येक तक्रारीवर थंडोबांनी शिक्का मारायचा. पाणी आलं की नाही हे त्या नियमात कुठेही विचारलेलं नव्हतं.

दहा दिवसांनी थंडोबांनी रेघा मोजल्या आणि चाटच पडले. खिडकीच्या नावावर तीन रेघा. फोन, दोन. टीव्हीवरच्या बातम्या, नऊ. साहेबांची खुर्ची, बावीस. शिक्का, सत्तावन्न. म्हणजे शिव्या खाऊन त्यांना काहीच होत नव्हतं. खिडकीत शिव्या देणाऱ्यांचेच जबडे दमत असतील. सगळ्यात जास्त रेघा सोमवारच्या होत्या. सोमवारी बादलीवाल्या मावशी यायच्या. त्या ओरडायच्या नाहीत. रिकामी बादली खिडकीच्या फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, लिहा." त्यांच्या गल्लीत नऊ आठवडे पाणी नव्हतं. आणि थंडोबांनी स्वतःच्या हाताने त्यांची तक्रार आठ वेळा निकाली काढली होती.

रोग सापडला, पण साहेबांसमोर ब्र काढण्याची त्यांची छाती नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं त्यांना सरावाचं होतं. थंडोबा मूग गिळून बसले. निदान ते चावावे तरी लागत नाहीत.

पुढचा सोमवार उजाडला. थंडोबा सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन अकराला कचेरीत आले, तर त्यांचं स्टूल गायब, फोन गायब. साहेबांच्या खोलीतून मोठमोठ्याने बोलणं ऐकू येत होतं. त्या कचेरीत वर्षातून एकदा मोडकं सामान भंगारात निघे आणि काढायच्या वस्तूवर लाल ठिपका लावायची पद्धत होती. स्टोअरकीपर कामाला एकदम चोख.

"ठिपका दिसला की उचलायचं," तो साहेबांना सांगत होता. "खुर्ची चांगली होती, मलाही हळहळ वाटली. पण म्हटलं, साहेबांनीच लावला असेल. ट्रक केव्हाच गेला." शिक्काही त्याच ट्रकमध्ये गेला होता.

साडेचार वाजले. साहेब टेबलामागे उभे होते. "ठिपक्यांचं उद्या बघतो. पाचला अहवाल जायचाय. शिक्का नाही तर हाताने लिहा, निकाली. किती आहेत?"

"त्रेचाळीस," थंडोबा म्हणाले.

पहिलीच ओळ मावशींची. थंडोबांनी पेन टेकवलं आणि 'नि' लिहिला. तो त्यांचाच सुवाच्य 'नि' होता. आजवर खोटं शिक्का बोलत आला होता. आता ते त्यांचं अक्षर बोलणार होतं. ठिपका आता नव्हता, तरी त्यांना आपले दात कळले. किती गच्च होते! सवयीने त्यांनी जीभ टाळ्याला लावली, दात सोडले. आणि दात सुटल्यावर तोंडातलं बाहेर आलं.

"साहेब, पाणी आलेलं नाही."

"काय?"

"पाणी आलेलं नाही!" हा आवाज इतका मोठा होता की बाहेरची रांग गप्प झाली. जबडा कट् करून वाजला. "नऊ आठवडे नाही आलं. मी लिहिणार नाही."

साहेबांना खुर्चीत मागे रेलून बघायची सवय होती. आज रेलायला काही नव्हतं. उभा राहून चिडलेला साहेब रांगेतल्या कुठल्याही माणसासारखा दिसतो. "मग काय लिहायचं ते लिहा आणि सही तुमची करा! वरून फोन आला की तुम्हीच घ्या!"

"घेतो," थंडोबा म्हणाले. "पण फोन भंगारात गेलाय. तो आधी आणा."

त्यांनी 'नि' खोडला. पाणी आलेल्या चार ओळी सोडून बाकी एकोणचाळीस ओळींपुढे 'पाणी आलेले नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. तळघर डोळ्यांपुढे दिसत होतं. भीती खूप वाटत होती, पण खरं सांगायचं तर बरंही तितकंच वाटत होतं.

त्या आठवड्यात वरून खरंच फोन आला, मग इंजिनिअर आले, मग खणणारी माणसं. मावशींच्या गल्लीत बिघाड नव्हताच. नळ दोन गल्ल्या मागे, शाळेच्या फाटकाखाली फुटला होता. साहेबांची खुर्ची भंगारातून परत आली, तिचा एक पाय मोडून. तळघराचं पुन्हा कोणी काही बोललं नाही; होय म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही.

सोमवारी मावशी आल्या. बादली फळीवर ठेवली तेव्हा जड आवाज आला. "भाऊ, पाणी आलं."

"अरे वा! झालं की मग काम!"

"गढूळ आहे. लिहा."

रांग हसली. थंडोबाही हसले, आणि हसता हसता त्यांचं तोंड दीड बोट ओलांडून चांगलं मोठं उघडलं. दुखलं थोडं. मावशी वाकून आत बघायला लागल्या.

"अगंबाई, भाऊ! तुमची मागची दाढ कुठे गेली?"

"तिचा काही दोष नव्हता हो, मावशी," थंडोबा वहीत 'पाणी गढूळ' असं लिहीत म्हणाले, "तिलाही असंच निकाली काढलं."