सरकारांच्या जागेवरचा झेल

मी क्रिकेटवर पोट भरलं असं कळलं की लोक पहिल्यांदा विचारतात, धावा किती काढल्या? एकही नाही. बॅट हातात धरली ती फक्त तेल लावून पुसायला. हे ऐकून माणसं हसतात, आणि मला अजून राग येतो. म्हातारा झालो म्हणून राग शहाणा होतो असं काही नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक लहानसं संस्थान होतं. तिथल्या मालकांना आम्ही सरकार म्हणायचो. तळोद्याच्या बाजाराबाहेर आम्ही पोरं चिंध्यांच्या चेंडूने खेळत होतो. सरकारांची मोटार तिथून चालली होती आणि मी मागे पळत पळत एक उंच चेंडू झेलला. मोटार थांबली. महिनाभरात मी त्यांच्या नोकरीत होतो. नाव तबेल्याचं, काम क्रिकेटचं.

काम असं होतं. सरकारांना बॅटिंगची हौस दांडगी, पण उन्हात उभं राहायचा कंटाळा. त्यांचं खेळून झालं की ते तंबूत आरामखुर्चीवर बसायचे आणि फिल्डिंगला त्यांच्या जागी मी जायचो, पार सीमेवर, निशाणापाशी. बदली माणसाला बॅटिंग मिळत नाही, हा नियम. समोरच्या संघाचा कप्तान याला कधी हरकत घेत नसे, कारण दुपारचं जेवण सरकारांकडचं असायचं. यातली खरी गंमत पुढेच. मी झेल घेतला की लोक तंबूकडे तोंड करून टाळ्या वाजवायचे. जागा सरकारांची, म्हणजे झेलही त्यांचाच. ते पानाचा विडा गालात सरकवून हात वर करायचे. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

काळ्या जमिनीवर मॅटिंग अंथरून खेळ चालायचा. बाकी मैदानाला उन्हाळ्यात भेगा पडलेल्या. नजर वर, पाय खाली आणि भेग कुठे आहे ते पायांनीच ओळखायचं. चेंडू बॅटला लागल्याच्या आवाजावरून मी धावायला सुटायचो. हे काम मला आवडायचं, आजही सांगतो, फार आवडायचं. पण वर्षं जात होती आणि फेकताना उजवा खांदा ठणकायला लागला होता. मला एकदा, एकदाच, स्वतःच्या नावावर मैदानात उतरायचं होतं. सरकार दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या खेपेला तुला अकरावा घेतो." शेवटी एका वर्षी त्यांनी शब्द दिला. मॅच नंदुरबारला होती. माझ्या जागी फिल्डिंगला दुसरा माणूसही ठरला.

मी गावी, कळसाडीला, आबांना निरोप धाडला. आबा म्हणजे माझे वडील. कापूस सोडून त्यांनी दुसऱ्या कशात कधी लक्ष घातलं नव्हतं. मुलगा संस्थानात नक्की काय करतो, हे त्यांना चारचौघांत सांगता येत नसे आणि त्याची त्यांना लाज वाटे. निरोप साधाच होता: या खेपेला मी खेळणार आहे, बघायला या.

सकाळी मैदानावर गेलो तर तंबूत एक गोरे साहेब बसलेले. सरकारांचे पाहुणे. सरकार माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आज साहेब खेळतील. तू आपल्या नेहमीच्या जागी." मी "जी" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? आमची बॅटिंग संपेपर्यंत तंबूमागे बसून राहिलो. साहेब पहिल्याच चेंडूला आऊट झाले, याचा मला आनंद झाला, तोही लपवत नाही.

दुपारी आम्ही फिल्डिंगला उतरलो तेव्हा आबांची बैलगाडी येऊन पोचलेली दिसली. बाभळीखाली पागोटं नीट करून ते उभे होते. त्या दिवशी मी जीव तोडून धावलो. उतरत्या उन्हात एक चेंडू डोक्यावरून चालला होता. उलटा पळत गेलो आणि पडता पडता तो धरला. खांद्यातून कळ गेली. उठून बाभळीकडे पाहिलं. सगळं मैदान तंबूकडे वळून टाळ्या वाजवत होतं. आबाही तंबूकडेच वळून टाळ्या वाजवत होते.

खेळ सुटल्यावर मी धुळीने माखलेला त्यांच्याकडे गेलो. ते गाडीजवळ थांबले होते.

"तू दुपारभर लोकेसना चेंडूच आनी दी ऱ्हायना," ते हळूच म्हणाले. "तुन्हा खेय कवय शे?"

माझा खेळ कधी आहे, असं ते विचारत होते. तेवढ्यात त्यांनीच कपाळाला हात लावला.

"सकायमाच व्हई गया व्हई. मालेच येवाले उशीर व्हई गया."

तापीच्या रेतीत चाक रुतलं आणि तिथे वेळ गेला, असं ते सांगत राहिले. बैलांवर चिडले, स्वतःवर चिडले. मी मान खाली घालून गाडी जुंपायला मदत केली.

पुढच्या हंगामात खांदा गेला आणि मी घरी आलो. आबा त्यानंतर बरीच वर्षं होते. पारावर कुणी विचारलं की ते अभिमानाने सांगायचे, आमचा पोऱ्या नंदुरबारला मोठा खेळ खेळला, मीच करंटा वेळेवर पोचलो नाही.