रिकाम्या मोटरीचा करंट

"दुपारी डंक बंद असतोय, मॅडम. मग हा करंट कुणाचा?"

सन्मती मोबाइल माझ्या नाकापुढं धरून उभा होता. निपाणीच्या वाटेवर त्यांच्या घरचा चटणीचा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरणी. कारभार आता वडिलांकडून, आप्पांकडून, त्याच्याकडं आलेला. त्यानं हौसेनं मोटरीच्या वायरीला करंट मोजणारं यंत्र लावलं. जेवणाच्या सुट्टीतही ते कुटतानाच्या निम्म्याहून जास्त अँपिअर दाखवत होतं. झालं, निकाल तयार. डंक चालवणारे भरमाण्णा सुट्टीत गुपचूप बाहेरची मिरची कुटतात! सकाळी गिऱ्हाईक बायकांच्या देखत त्यानं त्यांच्याकडून डंकाची किल्ली काढून घेतली होती. मी वीजतपासणी करणारी इंजिनिअर; बेळगावहून मला बोलावलं ते त्या निकालावर शिक्का मारायला. असल्या कामाचा मला मनापासून राग येतो.

भरमाण्णा बाहेर कट्ट्यावर बसले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, सुट्टीत पट्टा लूज पुलीवर सरकवतो, म्हणजे डंक थांबतो आणि मोटर एकटीच फिरत राहते. दुपारी इकडं व्होल्टेज पडतं. बंद केलेली मोटर मग परत चालू करताना नुसती घुमते, उचलत नाही. आसपासचे सगळे डंकवाले असंच करतात.

"हेच सांगितलं, तर मालक म्हणत्यात, रिकामी मोटर एवढं अँपिअर घेती व्हय? नोकरी गेली तर जाऊ दे, आक्का. पण चोर म्हणून घरला कसं जाऊ?"

त्यांचं म्हणणं खरं निघावं असं मला वाटलं. पण माझं मीटर कुणाची बाजू घेत नाही, हेही मला ठाऊक होतं.

मी माझं मीटर, पॉवर अॅनालायझर, जोडलं. पट्टा लूज पुलीवर टाकून मोटर चालू करायला लावली. अँपिअर सन्मतीच्या मोबाइलवर सुट्टीत दिसले होते तेवढेच.

"बघा!" तो म्हणाला.

"आता किलोवॅट बघा," मी म्हटलं. किलोवॅट म्हणजे प्रत्यक्षात खर्च होणारी ताकद. आकडा अगदीच किरकोळ होता. मग पट्टा डंकावर घेतला, संकेश्वरी मिरची ओतली. अँपिअर दुप्पटही झाले नाहीत, किलोवॅट मात्र कितीतरी पटीनं चढले.

सन्मतीनं मोबाइल खाली घेतला. इतका वेळ गल्ल्याजवळ गादीवर बसलेले आप्पा उठून जवळ आले आणि मला नीट समजावून सांगायला लावलं.

शेगडीच्या तारेत व्होल्टेज आणि करंट बरोबर चढतात, बरोबर उतरतात. मोटरीत मात्र तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. वेटोळ्यात करंट पटकन बदलत नाही. व्होल्टेज पुढं जातं, करंट मागून येतो. या मागं पडण्याला आम्ही फेज अँगल म्हणतो. दोघांनी ओढायच्या करवतीसारखं आहे हे. एकाची ओढ मागं पडली की हात दोघांचेही हलतात, लाकूड काही कापलं जात नाही. रिकाम्या मोटरीत करंट फारच मागं पडतो, काम लागलं की अंतर कमी होतं. नुसता करंट मोजणाऱ्याला हे अंतर दिसतच नाही. सुट्टीतला आकडा रिकाम्या मोटरीचाच होता; मिरची पडली असती तर अँपिअर आणखी चढले असते.

"म्हणजे सुट्टीत मिरची कुटलीच न्हाय," आप्पा म्हणाले आणि मुलाकडं बघत राहिले.

सन्मतीचा चेहरा उतरला. वाईट नव्हता तो, घाई नडली. त्यानं खिशातून किल्ली काढून पुढं केली. "अण्णा, चुकलं माझं."

भरमाण्णांनी हात पुढं केला नाही. "आता नगो. उद्या सकाळी बायका मिरच्या घिऊन आल्यावर द्या. त्यांच्याम्होरंच घेतलीसा न्हवं?"

रिपोर्टमध्ये मी दोन गोष्टी लिहिल्या. करंटच्या जोडीला किलोवॅट दाखवणारं मीटर बसवा. सुट्टीत मोटर बंद ठेवा, आणि ती उचलत नसेल तर व्होल्टेजची तक्रार करा. किल्लीचं लिहायला रिपोर्टमध्ये रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी मी मीटर काढून न्यायला गेले, तेव्हा डंकापुढं बायकांची रांग लागली होती. सन्मतीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, चूक माझी होती, अण्णांची न्हाय. किल्ली त्यानं दोन्ही हातांनी दिली. भरमाण्णांनी ती कमरेला खोचली आणि रांगेतल्या पहिल्या बाईला विचारलं, "बारीक करू का जाडसर?"