पानावरचं श्री
द्वारकाताई आगाशे माझ्या शेजारीण. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत एकट्याच राहतात. नोकरीभर टायपिस्ट होत्या. निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसल्या. घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, तेव्हा हडपसरच्या आयटी कंपनीतल्या त्यांच्या मुलाने, तेजसने, नवी घेण्याऐवजी, ज्यावरून कॉम्प्युटर चालू होतो असा एक पेन ड्राइव्ह आणून खोचला. "आई, आता सगळं यावरच चालेल." चाललंही. फक्त आज लिहिलेलं पान दुसऱ्या दिवशी गायब.

"सेव्ह करायला विसरली असशील," तेजस फोनवर म्हणाला. ताई रोज लिहीत, सकाळी पान नसे, रोज तेच उत्तर. हळूहळू 'विसरलीस'चं 'विसरायला लागलीस' झालं. मग एकटीने राहणं बरं नव्हे, मग जागा विकून टाकू. एजंटसुद्धा ठरला. मुलगा हुशार, यात वादच नाही.

ताई खचल्या. गॅस बंद केलाय ना, हे मला विचारू लागल्या. एकदा रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो कौशल्याताई, बाकी विसरेन, पण पानावर आधी श्री लिहून सेव्ह करायचं कशी विसरेन? तेही नसतं हो!"

मी चपापले. ही बाई वाणसामानाच्या यादीवरही श्री घालते. मी टेलिफोन खात्यात कॉम्प्युटरवरच काम केलेलं, म्हणून शेजारी बसले. ताईंनी श्री लिहिलं, खाली दोन ओळी लिहिल्या, माझ्या डोळ्यांदेखत सेव्ह केलं. आम्ही कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. ओळी नाहीत, श्रीही नाही. तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटर नुसता चालवून बघण्यापुरता बनवलेला होता. कॉम्प्युटर बंद केला की लिहिलेलं सगळं पुसलं जाई. लिहिलेलं जपायची सोय वेगळी करावी लागते, ती तेजसने केलीच नव्हती.

"विसरतो तो हा पेन ड्राइव्ह. तुम्ही नाही," मी म्हणाले. माझं डोकं तापलं होतं. तेजसला फोन लावून स्पीकर चालू केला आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "अगं आई, हे देतानाच सांगितलं होतं मी. विसरलीस तू."

"मग रोज सेव्ह करायला विसरलीस, असं कशाला म्हणत होतास रे?" मी ओरडले. मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

ताई माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "सांगितलं असेल का हो त्यानं?"