हिराची अ‍ॅलर्जी, सुलोचनाला इंजेक्शन

“सेल्युलायटिस आहे,” पनवेलच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी माझा पाय दाबून सांगितलं. म्हणजे कातडीखालच्या मांसात जंतू शिरून सूज चढते. टाचेच्या भेगेतून शिरले म्हणाले. पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला होता आणि नुसता भाजत होता. पाच दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचं औषध, द्यायचं ठरलं.

“कशाची अ‍ॅलर्जी आहे का?” हे विचारलं माझ्या नवऱ्याला. पाय माझा होता.

“नाय साहेब, काय नाय,” नवरा म्हणाला.

त्याला काय माहीत? तीन वर्षांपूर्वी माहेरी उरणला तापाने पडले, तेव्हा तिथल्या दवाखान्यात एका इंजेक्शनाने माझा घसा बंद होत आला होता. नवरा एकदाही बघायला आला नव्हता.

मी हळूच म्हणाले, “उरणला एका इंजेक्शनाने त्रास झाला होता.”

डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघितलं. “मावशी, आता हेल्थ कार्डावर सगळ्या हॉस्पिटलांचं रेकॉर्ड दिसतं. उरणचं काही नाही. अशक्तपणाने चक्कर आली असेल.”

चौथी शिकलेल्या बाईने कॉम्प्युटरला खोटं कसं पाडायचं? उरणची फाइल घरी कपाटात होती. हेल्थ कार्ड काढून देणाऱ्या मुलीनेच सांगितलं होतं, आता कागद घेऊन फिरायची गरज नाही.

सलाइन सुरू झालं आणि तळहात खाजू लागले. मग ओठ सुजले. मग श्वास आत जाईना. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शरीर औषधालाच वैरी समजतं. एक नर्स धावत आली, सलाइन तोडलं आणि मांडीत दुसरं इंजेक्शन मारलं. मी त्या हॉस्पिटलात आभार मानते ते फक्त तिचे.

आयसीयूतून बाहेर आणल्यावर तेच डॉक्टर आले. “मावशी, असं असतं तर ठामपणे सांगायचं ना!” म्हणाले. हे वाक्य मी माफ करणार नाही.

भाऊ उरणहून आला. माझ्या घरून फाइल घेऊनच आला. आत याच औषधाची अ‍ॅलर्जी लिहिली होती, पण वर नाव होतं हिरा. लग्नात सासरच्यांनी नाव बदलून सुलोचना ठेवलं. आधार, हेल्थ कार्ड, सगळं त्याच नावाचं. उरणला मात्र भावाने खिडकीवर हिरा सांगितलं, आडनाव माहेरचं सांगितलं आणि मोबाइल नंबर स्वतःचा दिला. अ‍ॅलर्जी हिराच्या नावावर राहिली आणि इंजेक्शन सुलोचनाला मिळालं.

“बाय, चुकी माजी हाय,” भाऊ रडत म्हणाला. “पन तुला आमी सुलोचना कदी बोललोच नाय गं.” त्याच्यावर मला रागावता आलं नाही. बाकी सगळ्यांवर राग आहे, अजून.

घरी सोडायच्या दिवशी मी रेकॉर्डच्या खिडकीवर गेले. दोन्ही नावांचं रेकॉर्ड एकत्र करा म्हटलं.

“मॅडम, सिस्टीममध्ये या दोन वेगळ्या बायका आहेत,” कारकून म्हणाला. लग्नाचा दाखला हवा, प्रतिज्ञापत्र हवं, भावाच्या मोबाइलवर येईल तो ओटीपी हवा. माझं दुखणं उघडायला भावाचा फोन!

मागून नवरा म्हणाला, “राहू दे, चल. त्या हिराचं आता काय करायचंय?”

“मी कशाने मरेन ते तिच्याच कागदावर लिहिलंय,” मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने मी त्याच्यासमोर कधीच बोलले नव्हते. रांगेतली माणसं वळून बघू लागली. बघू देत.

कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. दोन्ही नावं मी माझ्या हाताने लिहिली. त्यानंतर चार फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे माझ्या कार्डावर लाल अक्षरांत अ‍ॅलर्जी दिसू लागली.

बायांनो, तुमचंही नाव लग्नात बदललं असेल. कोणी म्हणालं की कार्डावर सगळं दिसतं, तर विचारा, कुठल्या नावाचं? उत्तर मिळेपर्यंत सुईसाठी हात पुढे करू नका.