चकतीनानांचा उन्हाळा

मे महिन्यात एरंडोलच्या बसस्टँडवर भर दुपारी छत्री उघडून स्वतः मात्र उन्हात उभा राहिलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तर ते आमचे नाना. छत्री असायची हातातल्या पिशवीवर. नानांच्या डोक्यावर टोपीसुद्धा नाही, टक्कल तापून लाल झालेलं, आणि पिशवी मजेत सावलीला, वर तिच्याभोवती ओला पंचा गुंडाळलेला. ओळखीचा एखादा कंडक्टर हटकायचा, "नाना, छत्री डोक्यावर घ्या की!" नाना म्हणायचे, "मना डोकाले काय व्हस? ह्या एकदा वाकड्या व्हयन्या का मंग सरळ नही व्हतस."

ह्या म्हणजे पिशवीतल्या रेकॉर्डी. नाना माझे सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. पण सगळी गल्ली नाना म्हणायची म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. रेकॉर्डींना ते चकत्या म्हणायचे, म्हणून गल्लीतली पोरं तर सरळ 'चकतीनाना' म्हणत, आणि त्या नावाचा त्यांना कधी राग आला नाही. लग्न त्यांनी केलं नाही. सगळी नोकरी भुसावळला रेल्वेत केली आणि निवृत्त झाल्यावर दोन ट्रंका घेऊन एरंडोलला माझ्या आईकडे राहायला आले. आईला ते अक्का म्हणत, त्यांच्यामुळे सगळी गल्लीही अक्काच म्हणते. ट्रंका उघडल्यावर आई म्हणाली होती, "कपडा कोठे शेत तुना?" कपड्यांची एक पिशवी होती. ट्रंका रेकॉर्डींनी भरलेल्या होत्या.

हे वेड लागलं भुसावळच्या क्वार्टर्समध्ये. शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. ते कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा त्यांनी सामान वाटून टाकलं. कोणी कपाट नेलं, कोणी कोंबड्यांचं खुराडं नेलं. नानांच्या वाट्याला एक रेकॉर्ड प्लेअर आणि खोकाभर लहान रेकॉर्डी आल्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी होती ती. कोण गातंय, काय गातंय, नानांना काडीचं कळत नव्हतं. त्यांचं इंग्रजी शिट्टी आणि सिग्नल यांच्यापुढे गेलंच नाही. तरी पहिली रेकॉर्ड संपल्यावर आपण बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो होतो, असं ते सांगायचे. मी एकदा चिडवलं, "नाना, तुम्हाला एक शब्द तरी कळतो का हो?" त्यावर म्हणाले, "मानूस रडस तव्हय त्याले कोनती भाषा, असं इचारतस का?"

या गाण्यांना 'सोल' म्हणतात हे त्यांना फार उशिरा, माझ्याकडून कळलं. सोल म्हणजे आत्मा, असंही मी सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना नवल वाटेल. "मंग बराबर नाव ठेयेल शे," एवढंच म्हणाले आणि सुई पुसायला लागले.

त्यानंतर सुट्टी मिळाली की, आणि निवृत्त झाल्यावर तर केव्हाही, नाना मनमाड, इगतपुरी, देवळाली असे फिरायचे. जिथे जिथे रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन लोकांची वस्ती उठली, तिथल्या भंगारवाल्यांकडे मोठ्या भोकाच्या लहान रेकॉर्डी हमखास पडलेल्या असत. ते भोक प्लेअरवर बसावं म्हणून नाना जुन्या रबरी चपलेची गोल चकती कापून त्यात घालायचे. आमच्या घरात एकही जुनी चप्पल कधी अख्खी राहिली नाही. आणलेली प्रत्येक रेकॉर्ड ठेवायचीच असं मात्र नव्हतं, तिची परीक्षा व्हायची. शेजारी चहाचा कप ठेवून नाना ती लावायचे. गाणं संपेपर्यंत चहा प्यायला गेला, तर रेकॉर्ड नापास, देऊन टाकायची. चहा तसाच राहून गार झाला, तर ट्रंकेत. आई कपावरची साय बघून कपाळाला हात लावायची आणि चहा परत गरम करून आणायची.

गाणाऱ्यांची नावं वाचता येत नसल्यामुळे नानांनी त्यांना आपलीच नावं दिली होती. एक दमेकरी आबा होते, ते ओळीच्या शेवटी धाप लागल्यासारखं गायचे. एक भांडखोर वहिनी होती. आणि एक होती नरडाणावाली. रेकॉर्डवरचा कागद निम्मा फाटलेला, नाव गेलेलं. बाई हळू, जवळजवळ बोलल्यासारखी गायची आणि मध्येच थांबायची. वाटायचं, आता पुढे म्हणतच नाही. नाना म्हणायचे, नरडाणा स्टेशनावर शेवटची पॅसेंजर निघून गेल्यावर एखादी बाई गाठोडं घेऊन बाकावर बसलेली असावी, तसा हा आवाज आहे. आम्ही हसायचो. पण त्यानंतर नरडाण्यावरून गाडी गेली की मी रिकाम्या बाकाकडे बघायला लागले, ते अजून बघते.

आईला ही गाणी रडकी वाटायची. "सांजना टाइमले रडगाणं नको लावू," म्हणून ओरडायची. पण वांग्याचं भरीत चेचता चेचता तिचा हात नरडाणावालीपाशी थांबायचा, हे मी पाहिलंय. एखाद्या दिवशी ती लागली नाही, तर स्वयंपाकघरातूनच विचारायची, "आज ती बाई कोठे गई रे?"

आईचं स्वतःचं वेड वेगळं होतं. तिचा सगळा विश्वास उन्हावर. उडीद, जिरं, गाद्या, उशा, लोणच्याची बरणी, बाळंतीण, आजारी माणूस, सगळ्यांना ती ऊन दाखवायची. "ऊन दखाडं का निम्मं दुखणं जास," हे तिचं वैद्यक. नाना उन्हाला का भितात हे त्यांनी तिला कधी नीट समजावून सांगितलं नाही. तिने विचारलं तर म्हणायचे, "त्यासले ऊन सोसस नही." आणि ज्याला ऊन सोसत नाही, त्याला तर आई आधी उन्हात बसवायची. आम्ही भावंडं अशक्त होतो तेव्हा तिने तेच केलं होतं, आणि आम्ही जगलो, हा तिचा पुरावा होता.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी धुळ्याला शाळेत शिकवते, शनिवारी एरंडोलला यायची. एकदा गंमत म्हणून नरडाणावालीच्या फाटक्या कागदाचा फोटो काढून अशा रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या एका गटात टाकला. कागदावर उरलेल्या नंबरावरून ती ओळखून परदेशातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाचं उत्तर आलं. ही रेकॉर्ड निघाली होती एवढंच त्याने ऐकलं होतं, आयुष्यभर शोधूनही पाहिली नव्हती. बाईचं दुसरं गाणं कुठे सापडत नाही, ही एक प्रत उरली असावी. त्याला रेकॉर्ड नको होती. फक्त ती नीट यंत्रावर वाजवून आवाज उतरवून पाठवा, असं त्याने अगदी विनवून लिहिलं होतं.

मी नानांना मराठीत वाचून दाखवलं. नानांनी रेकॉर्ड हातात घेतली. मग म्हणाले, "म्हंजे तिले जगमा मनाशिवाय कोनी नही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, थोडा अभिमानही होता. मी म्हटलं, मोबाईलवर घेऊ का? ते हातच जोडायला लागले. पंख्याची घरघर, रस्त्यावरची रिक्षा, यात तिला कोंबायचं नाही. पुण्याला चांगल्या ठिकाणी नेऊ. पण उन्हाळा तोंडावर आला होता आणि बसमध्ये ती वाकली असती. "मिरीग लागू दे, मंग नेऊ," ते म्हणाले. मृगाचा पाऊस पडून हवा गार होईपर्यंत थांबायचं, मलाही ते पटलं. इतकी वर्षं राहिली, दोन महिने काय.

उन्हाळ्यासाठी नानांची तयारी असायची. मागच्या अंधाऱ्या खोलीत ट्रंका, खिडकीला ओलं गोणपाट, भोवती पाण्याचे माठ. एप्रिल संपता संपता त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि आम्ही त्यांना जळगावला दवाखान्यात नेलं. मी त्यांच्यापाशी थांबले, आई घरी. खाटेवरून त्यांनी आईला फोन केला, "अक्का, चकत्यासकडे ध्यान दे." त्यांना म्हणायचं होतं, गोणपाटावर पाणी मारत जा.

आईने ध्यान दिलं. ट्रंक उघडून पाहिली, तर खोलीच्या ओलीने कागदी वेष्टनांवर पांढरी बुरशी धरली होती, कुबट वास येत होता. भाऊ दवाखान्यात आणि त्याच्या जिवाचं सामान इथे कुजतंय! भाऊ नीट घरी येऊ दे म्हणून तिने पद्मालयाच्या गणपतीला नवस बोललेला होताच. दुखऱ्या गुडघ्यांनी ती थोड्या थोड्या करून सगळ्या रेकॉर्डी गच्चीवर घेऊन गेली. एकेक मऊ फडक्याने पुसली, आपली धुतलेली नऊवारी अंथरली आणि पापड घालतात तशा, अंतर ठेवून, सगळ्या वाळत घातल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला खडे ठेवले.

नानांना दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी आम्ही दुपारी घरी पोचलो. नानांना खुर्चीवर बसू न देता आई म्हणाली, "आधी वर चाल, तुले काही दखाडनं शे." तिचा चेहरा इतका फुलला होता की मला वाटलं, कुरडया चांगल्या झाल्या असतील. नाना कठड्याला धरून वर चढले. मी औषधांची पिशवी घेऊन मागे होते.

गच्ची भाजत होती. साडीवर काळ्या चकत्या चमकत होत्या. एकही सपाट नव्हती. कडा वर आलेल्या, पोटं खाली गेलेली, कोणी द्रोणासारखी वळलेली. आईला मोतीबिंदूमुळे त्या नुसत्या स्वच्छ आणि काळ्याभोर दिसत होत्या. "दख नाना, बठ्ठी बुरशी गई! एकलेबी वास नही आते."

माझ्या तोंडून "अगं आई" एवढं निघालं, आणि नानांनी माझं मनगट धरलं. दवाखान्यातून आलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. ते साडीकडे बघत राहिले. मग आईकडे वळून म्हणाले, "अक्का, तू एकलीच चढनी का इतला जिना?"

"मंग कोन चढी? तू ते तठे पडेल व्हता."

"चांगलं करं, अक्का," नाना म्हणाले, आणि टाकीच्या सावलीत खाली बसले.

पुढचे काही दिवस आई देवळात गेली की आम्ही दोघं दार लावून उद्योग करायचो. रेकॉर्डी दोन काचांमध्ये ठेवून वर पाटा ठेवून पाहिला, धान्याची कोठी ठेवून पाहिली. मला राग येत होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. आईवर रागवायचं तरी कशासाठी? निदान तिला सांगू या, पुन्हा असं करायला नको, मी म्हटलं. नाना ताडकन म्हणाले, "अक्काले सांगानं नही. तिनी मायानंच घाल्यात ना ऊनमा. तिले समजनं ते ती जेवाव नही." मग माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्यांनी मला शपथ घ्यायला लावली.

काचेखालून काढून एका संध्याकाळी त्यांनी नरडाणावाली लावली. सुई बैलगाडीसारखी वर चढायची, खाली उतरायची. आवाज ताणला जायचा, मग बसका व्हायचा, मध्येच दोन ओळी गाळून पुढे जायचा. जिथे बाई थांबायची, ती जागाच नाहीशी झाली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "दख, कशी मोकळी म्हनी राह्यनी आते! ऊन लागनं ना तिले."

"हा ना, अक्का," नाना म्हणाले. समोरचा चहा त्यांनी गरम असतानाच पिऊन टाकला.

त्या संग्राहकाला काय कळवायचं, मी विचारलं. "लिख, बाई गई," एवढंच म्हणाले. मी लिहिलं. त्याचं परत उत्तर आलं नाही, आणि आलं असतं तर मी काय वाचून दाखवणार होते?

नाना त्याच हिवाळ्यात गेले, सकाळी कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसलेले असताना. आईनेच त्यांना तिथे बसवलं होतं. प्लेअर आता झाकून ठेवलेला असतो. ट्रंका मागच्या खोलीतच आहेत.

यंदा मेमध्ये मी सुट्टीला गेले, तर आईने आधीच साडी धुऊन ठेवली होती. गुडघे आता जिना चढू देत नाहीत. माझ्या दंडाला धरून, पायरीपायरीवर थांबत ती कशीबशी गच्चीवर आली आणि टाकीपाशी बसली. ट्रंका मी वर नेल्या. "दूर दूर ठेव, एकमेकले चिकटाले नको," ती बसल्या जागेवरून सांगत होती. मी एकेक वाकडी चकती काढून ठेवत गेले, कडेला खडे ठेवले. नरडाणावाली हातात आली तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे, मी खाली जाऊन खुंटीवरची नानांची छत्री घेऊन आले आणि उघडून तिच्यावर धरून उभी राहिले.

आईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "ती छत्री मिट वं," ती म्हणाली. "तिले सोसत नव्हतं ना? तिलेच ते जास्ती ऊन जोयजे. नाना राहता ते त्यानीबी हाईच सांगं असतं."

मी छत्री मिटली.